बिस्किटाचे पुडे

आमच्या मुखेडकडच्या खेड्यांत माणूस दवाखान्यात पडला की त्याला भेटायला जायचंच. साधा अपेंडिक्स काढला तरी जीप भरून माणसं नांदेडला जातात, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवतात, "काय न्हाई होत, वाघ हाय तू" म्हणतात आणि नर्स ओरडेपर्यंत हलत नाहीत. कोण आलं नाही, ते मात्र मरेपर्यंत लक्षात ठेवतात.

माझा नवरा दारू सोडवायला नांदेडला दाखल झाला, तेव्हा सासूबाईंनी गावभर सांगितलं, "ल्योक हैदराबादला कामाला गेलाय." काय बाईची अक्कल! अब्रू झाकली, पण आता भेटायला कोण येणार?

दाखल तो आपल्या पायानं झाला होता. एका सकाळी हात इतका थरथरला की बशीतला चहा सांडला. लेकीनं पुसून घेतला. तो म्हणाला, "चल, कुठं न्यायचं तिथं ने." मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, पिशवी भरली अन् एसटी धरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आहे, याला औषध आहे. सुरुवातीचे दिवस जड जातील." गेलेच. घाम, उलट्या, नको ती बडबड. मग औषधानं हात स्थिरावला, भूक लागली, आणि त्याला आजूबाजूचं दिसायला लागलं.

पलीकडच्या वॉर्डात मुतखड्याचा एक पेशंट होता, त्याच्याकडं नुसती जत्रा. आमच्या वॉर्डात चिटपाखरू नाही. तिथले सगळेच बहुतेक हैदराबादला गेलेले.

"मी काय मेलो का?" तो म्हणाला. "दादा बी आला न्हाई. टाकून दिलं मला. उद्या सही करून घरी जातो."

दादा म्हणजे माझे थोरले दीर. दोघं भाऊ एका ताटात जेवलेले अन् एकाच बाटलीतून प्यालेले. घरी गेला की हा पुन्हा त्यांच्याच शेजारी बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपल्या मर्जीनं आलेत, डांबून ठेवता येत नाही. त्यांच्या माणसांना आणा."

नांदेडातल्या माझ्या बहिणीला बोलावून त्याच्याजवळ बसवलं आणि मी गाव गाठलं. नळाला पाणी आलं होतं, सगळ्या बाया तिथंच. घागर बाजूला सारून मी ओरडले, "ऐका गं! माझा नवरा हैदराबादला न्हाई. नांदेडला दवाखान्यात हाय, दारूच्या इलाजाला. उद्या जो भेटायला येणार न्हाई, त्यानं आमच्या दारात पुन्हा चहा प्यायचा न्हाई!"

सासूबाई धावत आल्या. "सटवे, घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!"

"आत्याबाई, तो गटारीत पडायचा तवा कुठं होती ती अब्रू? माजघरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी परतले. दुपारी तो पिशवी मांडीवर घेऊनच बसला होता. तेवढ्यात जिन्यात कालवा झाला. पुढं सासूबाई, डोळ्याला पदर, मागं सगळी भावकी. उशाशी पुड्यांचा ढीग लागला. "वाघ हाय तू!" शेजारच्या खाटांनाही पुडे वाटले, कारण त्यांचंही कुणी नव्हतं. माझा नवरा हसत होता, रडत होता. पिशवी मात्र मांडीवरून हलली नव्हती.

थोरले दीर दाराशीच उभे. हातातला पुडा सारखा चुरचुर वाजत होता, हातच तसा कापत होता.

खाली जीपचा हॉर्न झाला. सगळे उठले, पण थोरले दीर जागचे हलले नाहीत. धाकट्या भावाची बायको म्हणून आजवर माझ्याशी थेट शब्द न बोललेला माणूस. खाली बघत म्हणाला, "बाई, हितं अजून एक खाट मिळंल का?"

माझ्या नवऱ्यानं पिशवी खाटेखाली ढकलली आणि सरकून जागा केली. "तवर हितं बस, दादा."

सासूबाईंनी मला जिन्यात गाठलं. "आता गावात काय सांगू गं?"

"सांगा," मी म्हणाले, "उद्या बी जीप काढा म्हणावं."