स्वयंपाकघरापुरती इटालियन

टीव्हीवरची म्हातारी इटालियन बाई झाकण उचलते, चव घेते, काहीतरी पुटपुटते. मी वहीत उतरवून घेते. लेक तिकडे दिली, म्हणून साठीनंतर मी ही भाषा अशी शिकते आहे: मीठ, मंद आच, अजून थोडं, पुरे.

परवा लेकीचे सासरे गेले. व्हिडिओ कॉलवर विहीणबाई नुसत्याच बसून होत्या. सांत्वनाचा एकही शब्द माझ्या वहीत नव्हता. आपल्याकडे अशा घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात नेतात आणि फारसं बोलत नाहीत. इथून मी काय नेणार? मी त्यांच्या भाषेत एवढंच विचारलं, "जेवलात का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनीच फोन ओट्यावर टेकवून गॅसवर पास्त्यासाठी पाणी ठेवलं. ते उकळेपर्यंत मी इकडे फोन धरून त्यांच्यासोबत बसले.