दुधाला मज्जाव

मी मूळचा सावरगावचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात दोन गावं एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीचे दगड झेललेला माणूस. कपाळावर अजून खूण आहे. दगडांचं मला कधी भय वाटलं नाही. मला भय वाटतं दुधाचं. हसायचं असेल तर हसून घ्या, आमचे सगळे नातेवाईक हसून झालेत.

माझ्या मुलीला दूध चालत नाही. पोट बिघडतं, अंगावर पुरळ येतं, तसलं काही नव्हे. दूध, दही, तूप, खवा, काहीही थेंबभर पोटात गेलं की तिचा गळा आतून सुजतो आणि श्वास अडतो. हे आम्हाला कळलं ती तीन वर्षांची असताना, पांढुर्ण्याला सासुरवाडीच्या एका लग्नात. वाढणाऱ्यानं बासुंदीची पळी तशीच वरणात बुडवली. वरणभात खाता खाता पोरीचे ओठ फुगले, आवाज गेला, छातीतून शिटी वाजायला लागली. कुणाच्या तरी जीपमधून आम्ही नागपूर गाठलं. वाटभर मी तिच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. तो हात मी अजून उचललेला नाही, असं बायको म्हणते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे ताकच विष, फुंकून काय उपयोग! लोकांना हे पटायचं नाही. एक काकू म्हणाल्या होत्या, "दुधानं का कोणी मरते काय? मुलखाचे भेकड झाले तुम्ही." त्यांच्या घरी आम्ही पुन्हा पाणीदेखील प्यालो नाही. सौंसरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडली की कुठं तार उघडी पडली ते मी आधी शोधतो, आणि माझी ती नजर पुढं ताटावरही फिरायला लागली. ज्या हॉटेलावर ‘शुद्ध देशी घी’ अशी पाटी, तिथून मी पोरीचा हात धरून रस्ता ओलांडायचो. लोक त्याच पाटीकडे बघून आत शिरायचे.

अशी ती पोरगी बारावी झाली आणि तिला मुंबईत प्रवेश मिळाला. फिजिओथेरपी. मी सरळ नाही म्हटलं. छिंदवाड्याला काय कॉलेजं नाहीत? तिनं रडारड केली नाही, त्याचीच मला धास्ती वाटली. दोन दिवसांनी ती फोन घेऊन दुकानात आली.

"बाबा, खोलीवर मी माह्या हातानं करून खाईन. पण कधी बाहेर खा लागलंच, तर हे पाहा. मुंबईत एक हॉटेल हाय, तिथं दूध आतच येत नाही."

ज्यू लोकांचं हॉटेल. त्यांच्या धर्माला मान्य असलेल्या जेवणाला कोशर म्हणतात. त्यात मटण-कोंबडी जिथं शिजते, तिथं दुधाला मज्जाव. माझा काही विश्वास बसेना. नियम पाटीवर राहतात आणि पळी कुठंही फिरते, हे मी पाहून बसलो होतो. शेवटी ठरलं असं: आम्ही दोघं जायचं, तिनं तिथं जेवायचं. थोडं जरी काही झालं तरी तिथूनच सौंसरला परत आणि कॉलेजचा विषय बंद. तिनं लगेच "हो" म्हटलं. 

गाडीत मला डोळा लागला नाही. शर्टाच्या खिशात सुईचं सामान होतं, गळा सुजलाच तर मांडीत टोचायला डॉक्टरांनी शिकवलेलं; ते मी सारखं चाचपत होतो. पिशवीत घरचा डबा होता, पोळ्या आणि मुगाची सुकी भाजी. हॉटेलात शंका आली की तिला तोच काढून द्यायचा, असं मी मनात योजून ठेवलं होतं.

ज्यू म्हणजे परदेशी, असं माझ्या डोक्यात. हॉटेलाच्या गल्ल्यावरच्या पिकल्या केसांच्या बाई मात्र माझ्याहून चांगलं मराठी बोलत होत्या. त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"दादा, डबा आत नाही नेता येणार. बाहेरचं अन्न आम्ही घेत नाही. रागावू नका, माझा सख्खा भाऊ घेऊन आला तरी हेच सांगते."

मी रागावलोच. पंधरा वर्षं हेच वाक्य मी लोकांना ऐकवत आलोय, पण मला कुणी ऐकवावं ही पहिलीच वेळ. आणि डबा गेला तर माझ्या हातात राहिलं काय? मी वाद घालणार तोवर पोरीनं पिशवी माझ्या खांद्यावरून काढून बाईंकडे दिलीसुद्धा.

मग मी स्वयंपाकघर बघायला मागितलं. बाईंनी दारातून दाखवलं. तेल होतं, नारळ होते, कोथिंबिरीचे ढीग होते. फ्रीजही उघडून दाखवला. एक दाढीवाला माणूस तांदूळ निवडणाऱ्यांच्या मागं उभा होता. आत काय येतं ते तपासणं एवढंच त्याचं काम. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यासारखा माणूस दिसला. ज्यांनी माझ्या पोरीला कधी पाहिलं नाही, अशा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही पळी सांभाळली होती. तरी भीती जागची हलली नाही.

जेवण आलं. बाई ताट मांडताना सांगत होत्या, "आमची माणसं जिथं जिथं गेली, तिथलं शिकली. हे बटाटे बगदादवाल्यांचे, ही कालवणातली मच्छी आमची अलिबागकडची, आणि ही हिरवी चटणी येमेनची. जपून बरं."

पोरगी हसली. "बाबा, ठेचाच हाय हा!" तिनं रोटीचा मोठा तुकडा त्यात बुडवला. ठेचा म्हटल्यावर आमच्याकडच्या पोरी कुणाचं ऐकतात थोड्याच!

तिनं घास गिळला आणि तिला ठसका लागला. दुसरा लागला. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, हात गळ्याशी गेला. मी उठलो तशी खुर्ची मागं पडली. मी सुई भरली. आजूबाजूचे लोक घास हातात धरून बघत होते आणि बाई पाण्याचा पेला घेऊन तशाच उभ्या. मी घाबरून अर्धमेला झालो होतो हे खरं. पण त्या भीतीच्या आत एक विचार चमकून गेला, तोही सांगतो: बरं झालं, आता ही घरी येईल.

मी सुई मांडीशी नेली आणि तिनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"थांबा, बाबा. मिरची श्वासात गेली."

"बोलू नको. पाय सरळ कर."

"मले माहीत हाय ते कसं येते. पहिले तळहात जळतात. मग कानात आतून खाजवते. मग कोणी गळा आवळून राहिलं असं वाटते. हे ते नाही."

मी सुई मागं घेतली. इतकी वर्षं मी तिचे ओठ बघत होतो, नखं बघत होतो, छातीला कान लावत होतो. आतून काय होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ती एकटीच ते जाणत होती, आणि माझ्याहून जास्त जाणत होती.

पाणी पिऊन, नाक पुसून ती पुन्हा जेवायला बसली.  बाईंनी पडलेली खुर्ची उभी केली आणि मला धरून बसवलं. मला घास गेला नाही. पोरीनं आणखी एक बटाटा मागून घेतला.

"राहा मग," मी म्हटलं. 

मी एकटाच सौंसरला परतलो. थोड्या दिवसांनी एका सकाळी बायकोनं माझ्यापुढं चहा ठेवला. तो पांढरा होता. आमच्या घरात इतक्या वर्षांनी दूध आलं होतं.

"आता कोणासाठी थांबून राहिले?" ती म्हणाली. स्वतःचा कप तिनं अजून उचलला नव्हता.

मी दोन घोट घेतले. चहा चांगला होता, तेच सहन होईना. तेवढ्यात फोन वाजला. पोरीचा होता. मी कप खाली ठेवला, मोरीत गेलो, साबणानं हात धुतले, चूळ भरली, पुन्हा एकदा भरली, आणि मगच फोनला हात लावला.