आधी माझे मोजा

लेकराच्या अंगावरची गोधडी काढा, असं सांगण्याआधी डॉक्टर स्वतः बाजेवर आडवे व्हायचे. सदऱ्याची खालची बटणं सोडायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मोजा. आधी माझे."

त्यांचं पोट चांगलं मोठं होतं. श्वासागणिक ते वर यायचं, खाली जायचं. भोवतीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आमच्या हट्टा गावाच्या बाजूला त्यांना 'पोटवाले डॉक्टर' म्हणत. मी 'सर' म्हणायचे.

लहान मुलांच्या छातीत होणाऱ्या संसर्गावर ते संशोधन करत होते. न्यूमोनिया झालेलं लेकरू दवाखान्यात उशिरा का येतं आणि घरच्यांना तो लवकर कसा ओळखता येईल, हे त्यांना शोधायचं होतं. घरोघरी त्यांच्यासोबत फिरायला गावातलीच शिकणारी मुलगी हवी होती. मी वसमतला बी.एस्सी. करत होते; आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. एवढ्या शिकलेल्या माणसाबद्दल मी लिहावं का, हे मला अजून कळत नाही. पण तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुम्हीही बाजेपासूनच सुरुवात केली असती.

ती बाज आमच्या गल्लीतल्या गोदामायची. तिचा नातू खोकत होता, अंग तापलं होतं. सून त्याला गोधडीत गुंडाळून बसली होती. सर म्हणाले, "जरा उघडं करा. एक मिनिट याचे श्वास मोजू."

गोदामाय मधे येऊन उभी राहिली. "मोजायचं न्हाई. मोजलं की सरतंय. आमी ढोरं मोजतो, लेकरं न्हाई."

"माय, मोजल्याबिगर कसं कळंल?" मी म्हणाले.

"तू गप. श्वास मोजायला कॉलेजात गेली व्हय?"

सून मान खाली घालून बसली. गोधडीतून लेकराची धाप ऐकू येत होती. मला वाटलं, आता सर रागावतील. ते गेले आणि अंगणातल्या बाजेवर सरळ आडवे झाले.

"मग आधी माझे मोजा, माय. सरले तर माझे सरतील."

"मला कुठं मोजता येतंय बाबा!"

शेजारी सुपात निवडायचं सोयाबीन होतं. सर म्हणाले, "पोट वर आलं की एक दाणा ताटात टाका." मी घड्याळ धरलं. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. मिनिट संपलं तसे सर उठून बसले. "बघा, आहे की अजून!"

गोदामायनं ताटात पाहिलं. "एवढं मोठं पोट, अन् दाणे एवढेच?"

सगळे हसले. सूनही हसली, आणि हसता हसता तिनं गोधडी सोडली.

नातवाचे दाणे गोदामायनंच टाकले. तिचा हात पुरेना. ताटात दाण्यांचा ढीग होत गेला, तसं तिचं हसू गेलं. सर हळू आवाजात म्हणाले, "लेकरांचा श्वास आपल्यापेक्षा जास्त असतोच माय, पण इतका नाही. आत्ताच निघायला हवं."

ती सुनेवर ओरडली, "बसली काहून? ऊठ, चप्पल घाल!"

सरांच्याच गाडीतून लेकरू वसमतला गेलं. आता ते कोंबड्यांमागं पळतं.

त्यानंतर सर प्रत्येक घरात आडवे झाले. सोयाबीनचे दाणे खिशातच असायचे. एकदा चहा प्यायल्यावर त्यांनी बडीशेप समजून तेच तोंडात टाकले. मी एकदा भीत भीत विचारलं, "सर, तुम्हाला लाज नाही वाटत?"

"अगं, त्यांचं आजारी लेकरू उघडं करायला सांगतो आपण. माझं पोट दाखवायला काय जातं?"

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. हृदय बंद पडलं, असं कळलं. गोदामायला मीच सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पयले मीच मोजले होते त्यांचे."

मी खूप समजावलं. माझं शिक्षण तिथं उपयोगी पडलं नाही.

थंडीत तिची नात आजारी पडली. तोच खोकला, तसाच ताप. मी घड्याळ घेऊन गेले. गोदामायनं नातीला पदराखाली घेतलं होतं. सून माझ्याकडं बघत होती, पण सासूच्या हातातून लेकरू घ्यायची तिची हिंमत होईना.

"न्हाई पोरी. आता मोजायचं न्हाई."

मला दुसरं काही सुचलं नाही. सूप आणि ताट तिच्यापुढं ठेवलं, घड्याळ सुनेच्या हातात दिलं आणि बाजेवर आडवी झाले.

"माय, आधी माझे."

"ऊठ! तरणीताठी पोर तू. माझ्या हातानं न्हाई."

मी उठले नाही. डोळे मिटले. पोटावर हात ठेवला, तो वर गेला, खाली आला. नात खोकली. पुन्हा हात वर गेला, खाली आला.

मग ताटात दाणा पडला. टक.