सलालाहला ऐकलेला उपदेश

चर्चमध्ये एसीचा झोत थेट मानेवर येत होता, म्हणून मी हात वर केला. एवढंच. मागच्या बाकावरच्या कुणीतरी तो जरा कमी करावा, इतकीच माझी मागणी होती. पण त्याच क्षणी पुढे उभ्या असलेल्या सुसान मॅडमनी मंडळीला विचारलं होतं, की नवे रेक्टर शोधण्याच्या समितीत आणखी कोण येईल. या सुसान मॅडम केरळच्या, एका हॉस्पिटलात मुख्य परिचारिका. अंगात चपळाई अशी की माझा हात खाली येईपर्यंत त्यांनी माझं नाव लिहून घेतलं होतं, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. शेजारी बसलेली माझी बायको एस्तेर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मला आजही शंका आहे की तिला खरं काय ते कळलं होतं.

आमची मंडळी एपिस्कोपल वळणाची, म्हणजे वर बिशप आणि मंडळीच्या मुख्य पाळकाला रेक्टर म्हणायचं. मी मूळचा नगरचा, तिथे आम्ही साधं पाळकसाहेब म्हणतो. मस्कतमध्ये आमचा रविवार शुक्रवारी येतो, कारण सुट्टी तेव्हा. तमिळ, मल्याळी, नायजेरियन, दोन-चार इंग्रज आणि आम्ही मराठी, सगळे एकाच छपराखाली. जुने रेक्टर निवृत्त होऊन मायदेशी गेले त्याला वर्ष उलटून गेलं होतं. दर शुक्रवारी कुणीतरी पाहुणा पाळक यायचा, उपासना घ्यायचा आणि विमानतळाकडे पळायचा. दरम्यान आमच्यातले एक वृद्ध गृहस्थ वारले, त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करायला ओळखीचा पाळक नव्हता. लोक हळूहळू दुसरीकडे जाऊ लागले. बिशपसाहेबांनी कळवलं होतं, की या खेपेलाही कुणावर एकमत झालं नाही तर आम्हाला स्वतंत्र रेक्टर मिळणार नाही. महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन जाईल. म्हणजे दुकान बंद, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी घेतला.

आता माझ्याविषयी. मी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतो. माणूस सांगतो, उंट आडवा आला. मी वाकून बघतो, तर बंपरवर खांबाचा पिवळा रंग. अशी एकोणीस वर्षं गेली. संशय घेणं हे माझं पोट आहे, आणि माणूस पोट घरी काढून ठेवू शकत नाही. भाजीवाल्याने जास्त कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटी करून बघतो. देवावर माझी श्रद्धा आहे, पण त्याच्या माणसांची कागदपत्रं मला बघावीशी वाटतात.

समितीचे नियम कडक होते. घरी बायकोलासुद्धा काही सांगायचं नाही. निर्णय एकमताने, एकाचाही नकार असला तर विषय संपला. आणि उमेदवाराचा फोटो मागवायचा नाही, तब्येत विचारायची नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही. आमच्यासारख्या नाना देशांच्या मंडळीत रंगरूप बघून कुणी मत बनवू नये म्हणून. अखेरीस एकच नाव उरलं, रेव्हरंड पीटर. दक्षिण ओमानमधल्या सलालाहच्या एका छोट्या मंडळीत त्यांची तात्पुरती नेमणूक होती, ती संपत आली होती. आमच्याकडे झालं नाही तर त्यांना बायको-मुलांसह ओमान सोडावं लागणार होतं. त्यांच्याविषयी ज्यांना ज्यांना सुसान मॅडमनी फोन केले, ते सगळे भरभरून चांगलं बोलले. इथेच माझं डोकं फिरलं. सगळीकडून चकचकीत दिसणारी गाडी म्हणजे नुकताच रंग मारलेली गाडी, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी म्हटलं, "इतका चांगला माणूस इतके दिवस शिल्लक कसा राहिला?"

इमेका नावाचे आमचे नायजेरियन इंजिनियर म्हणाले, "ब्रदर, तुला चांगला पाळक हवाय की वाईट?"

"मला खरा हवाय," मी म्हणालो. वाक्य मलाच आवडलं. शेवटी ठरलं की मी सलालाहला जाऊन, कुणाला न सांगता, त्यांचा उपदेश ऐकून यायचं.

घरी मी सांगितलं की खरीफ, म्हणजे तिकडचा पावसाळा, बघायला सलालाहला जाऊ, डोंगर हिरवे झालेत. एस्तेरने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. लग्नानंतर मी आपणहून सुचवलेली ही पहिली सहल होती. मुलगी पुण्याला शिकायला, त्यामुळे आम्ही दोघंच. मस्कतच्या माबेला भागातल्या घरून निघून दिवसभर वाळवंट तुडवलं. सबंध रस्ताभर ती अधूनमधून माझ्याकडे बघायची, आणि मी रस्त्याकडे बघायचो.

शुक्रवारी सकाळी चर्चच्या कंपाउंडबाहेर गाडी लावली आणि जरा पाय मोकळे करून येतो म्हणून उतरलो. भुरभुर पाऊस होता. एकाच कंपाउंडमध्ये वेगवेगळ्या मंडळ्या आळीपाळीने हॉल वापरतात, हे मला माहीत होतं. मस्कतलाही तसंच आहे. पहिल्या हॉलमधून गाण्याचा दणदणाट येत होता, माणसं आत शिरत होती, मीही शिरलो आणि खांबाआड बसलो. वेदीवर मेणबत्ती नाही, अंगात झगा नाही, उपासनेचं पुस्तक नाही. गिटार, ढोल, आणि चकाकत्या सुटातले पास्टर इकडून तिकडे धावत होते. एस्तेर म्हणते, तिथेच मला कळायला हवं होतं. मला वेगळंच कळलं. मनात म्हटलं, बघा, आमच्यापुढे साळसूद अर्ज आणि इथे हा तमाशा. पुढे ते म्हणाले, जो आज मोकळ्या हाताने देईल त्याला बॉस प्रमोशन देईल. मी खांबाआड बसून चक्क सुखावलो. संशयी माणसाला हवं ते सापडलं की तो पुढे शोधत नाही. त्या पास्टरांना नाव विचारावं, एवढंही मला सुचलं नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवून बसलेली माणसं डोळे मिटून रडत होती, तीही मला दिसली, पण ती माझ्या कामाची नव्हती.

परतीच्या वाटेवर एस्तेर खूप बोलली. ती पलीकडच्या दुसऱ्या हॉलमध्ये जाऊन बसली होती म्हणे. निम्म्या वाटेवरच्या हैमा गावापर्यंत ती बोलत होती, तिथे चहा घेतला, आणि नंतरही बोलत होती. मी "हं, हं" करत मनात अहवाल जुळवत होतो.

समितीपुढे मी तो अहवाल दिला तेव्हा माझा आवाज फार गंभीर होता. सगळे खाली बघत राहिले. सुसान मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचा नकार."

"नाइलाज आहे," मी म्हणालो.

निर्णय बिशपना कळवण्याआधी थोडा वेळ शांत बसून प्रार्थना करायची, असा सुसान मॅडमचा शिरस्ता. मी डोळे मिटले. खरं सांगतो, मी प्रार्थना करत नव्हतो. त्या पीटरांना घर रिकामं करावं लागेल, त्यांची मुलं शाळा सोडतील, असं काहीतरी उगाच डोळ्यांपुढे येत होतं आणि मी ते बाजूला सारत होतो. आणि त्या शांततेत एकदम मला एस्तेरचा आवाज ऐकू आला. कानात नव्हे, आठवणीत. आकाशवाणी झाली असं मी म्हणत नाही; मागे गाडीत ऐकलेलं, पण न ऐकलेलं एक वाक्य वर आलं, इतकंच. "पाय ओढत चालतो हो बिचारा, पण झगा घालून पुन्हा खाली आला."

मी डोळे उघडले. नियमाबाहेरचं होतं, तरी विचारलं, "मॅडम, रेव्हरंड पीटर लंगडतात का?"

त्या चमकल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं? लहानपणी पोलिओ झाला होता. मला फोनवर कळलं, पण नियम म्हणून मी बोलले नाही."

"मी ज्यांना ऐकलं ते तर पळत होते," मी म्हणालो. मग इमेका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "ब्रदर, तू शेजारच्या गाडीचा सर्व्हे करून आलास," ते म्हणाले. सुसान मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि मला एका आठवड्याची मुदत दिली.

घरी आलो तर एस्तेर मेथी निवडत बसली होती. गुपितही ठेवायचं आणि माहितीही काढायची, असा पेच होता. मी तिच्यासमोर बसून दोन काड्या निवडल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या सलालाहच्या पाळकांचं काय सांगत होतीस?"

"आता कशाला? तेव्हा तर नुसतं हं हं चाललं होतं."

"सांग ना."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग सांगितलं. हॉलमध्ये मोजकीच माणसं होती. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला सगळ्यांना देऊन झाला, आशीर्वाद झाला, पाळकांनी झगा उतरवला, लोक चहाला उठले. तेवढ्यात एक बाई धावत आली. कुणाच्या तरी घरी कामाला असावी, तेवढ्यापुरतीच सुट्टी मिळाली होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. सगळं संपलंय हे बघून ती दारातूनच मागे फिरली. पाळकांनी तिला हाक मारली, पुन्हा झगा घातला, भाकर आणि प्याला घेऊन पाय ओढत दारापर्यंत आले, आणि एकटीसाठी सगळी प्रार्थना पहिल्यापासून म्हटली. "घाई नाही हो, एक शब्द गाळला नाही," एस्तेर म्हणाली. "तो हॉर्न वाजतोय, आणि ते आपले म्हणताहेत."

माझी सवय काही सुटत नव्हती. "कुणी व्हिडिओ काढत होतं का? बाई त्यांच्या ओळखीची होती का? तू कोण आहेस ते त्यांना माहीत होतं का?"

"तुम्ही क्लेम पास करताय की काय?" ती म्हणाली. "मेथी नीट निवडा, माती जातेय."

पुन्हा सलालाहला जाऊन खात्री करावी, असं मनात आलं, नाही असं नाही. पण त्याचबरोबर कळलं, की मी या वेळी बरोबरच्या हॉलमध्ये बसलो तरी ते मला दिसणार नाही. मी खांबाआडून खोट शोधली असती, आणि ती बाई दारात येऊन परत गेली हे मला कळलंही नसतं. माझे डोळे पगारी आहेत, त्यांना डेंटच दिसतात. इतकी वर्षं मी देवाला म्हणत होतो, तुझी इच्छा होवो, आणि वर माझी सही लागेल अशी अट घालत होतो. त्या दिवशी मेथीच्या ताटासमोर बसून पहिल्यांदा मला ती अट काढून घ्यावीशी वाटली. मनातल्या मनात म्हणालो, प्रभू, मी काही बघितलेलं नाही. तूच बघ.

पुढच्या बैठकीत मी हो म्हणालो. गाडी न बघता पास केलेला हा माझा एकमेव क्लेम. रेव्हरंड पीटर आले, त्यांची मुलं इथल्या शाळेत जाऊ लागली. त्यांचे उपदेश जरा लांबतात, आणि ते गाताना सूर सोडतात. मी अजून लक्ष ठेवून आहे. पण परवा आमच्यातल्या एका बाईंच्या ऑपरेशनच्या वेळी ते पहाटेपासून हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले होते, आणि मी त्यांना तिथे बघितलं तेव्हा का आले असतील, हा प्रश्न मला पडला नाही. ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. माझ्यासारख्या माणसाला देव एकदम बदलत नाही, हप्त्याहप्त्याने बदलतो, आणि मी त्याचा आभारी आहे की त्याने मला वगळलं नाही.

त्यांच्या नेमणुकीची उपासना झाली त्या संध्याकाळी मी एस्तेरला सगळं सांगून टाकलं. आता गुपित उरलं नव्हतं. म्हटलं, मी चुकीच्या दाराने गेलो, पण देवाने तुला नेमकं बरोबरच्या दाराने नेलं, हे कसं ते मला अजून कळत नाही.

ती म्हणाली, "मी गाडीतून बघत होते. तुम्ही इकडेतिकडे बघून हळूच पहिल्या हॉलमध्ये शिरलात. मला वाटलं, माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चोरून प्रार्थनेला चाललाय, मनात काहीतरी मोठं असणार. आपण मागे जाऊन बसलो तर संकोचतील. म्हणून मी दुसऱ्या दाराने गेले."