लाडूची शिट्टी

उपासना मेश्रामला रस्त्यात हाक मारली की ती आधी वर बघते, मग तुमच्याकडे. तारेवर कोण बसलंय हे कळल्याशिवाय तिला माणसांशी बोलताच येत नाही. अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे हे मी रोज सोसते. ती मूळची नागपूरची, इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते.

हा नाद तिला ॲडलेडमध्ये लागला. नवरा धम्मदीप याचं प्रोजेक्ट तिकडे होतं आणि तिला नोकरी मिळायला वेळ होता. मग ती पक्षी बघत हिंडली. शाळेच्या मैदानावर गवत उपटणारे गुलाबी काकाकुवे, पिल्लांच्या दिवसांत सायकलवाल्यांच्या हेल्मेटवर झडप घालणारे मॅगपाय. आणि एकदा, दूर कोरड्या माळावर, रानातले कॉकाटील, म्हणजे तुरेवाले छोटे पोपट. वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर थवा बसलेला, खाली पाणी, पण उतरायला कुणी तयार नाही. एकाने साद घातली, दुसऱ्याने उत्तर दिलं, मग सगळे मिळून खाली आले. ही हकीकत मी इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथे जाऊन आले असं वाटतं.

अमेरिकेत आल्यावर तिने एक कॉकाटील पाळला. करडा, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर मोतीचुरासारखे केशरी ठिपके. नाव लाडू. हा लाडू काही दिवसांतच कुकरची शिट्टी शिकला. हुबेहूब. उपासना तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची, त्यातली एक लाडूची असायची. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाते, त्यामुळे कच्ची डाळ माझ्याही वाट्याला यायची. मी तोंडावर बोलून दाखवायची, माझा स्वभावच तसा. शेवटी धम्मदीपने शिट्टी न होणारा इलेक्ट्रिक कुकर आणला आणि जुना गराजमध्ये गेला. डाळ मऊ झाली. लाडू काही दिवस स्वयंपाकघराकडे तोंड करून शिट्ट्या मारत राहिला, मग गप्प झाला. उत्तर मिळेना म्हणून गप्प झाला असं उपासना म्हणायची. मी हसण्यावारी नेलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी उपासना लाडूला खांद्यावर विसरून पॅटिओवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली. शेजारी कुणीतरी पाचोळा उडवायचा लीफ ब्लोअर सुरू केला आणि लाडू दचकून उडाला. त्या रात्री मोसमातली पहिली कडाक्याची थंडी पडणार होती. घरात वाढलेला पक्षी त्यात टिकणार नव्हता, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

धम्मदीपने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. मी पाइनच्या झाडांत मान उंचावून हाका मारत सुटले. उपासना मात्र सरळ सोसायटीतल्या तळ्याकाठच्या वाळलेल्या झाडाकडे चालू लागली. लाडू तिथेच होता, अगदी शेंड्यावर.

पण तो उतरेना. बाजरीचं कणीस दाखवलं, गोंजारून बोलावलं, काही नाही. उन्हं उतरू लागली आणि तळ्यावर एक ससाणा घिरट्या घालायला लागला. उपासनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना मी प्रथमच पाहिलं.

"धम्मदीप," ती म्हणाली, "गराजमधला कुकर आण. आणि कॅम्पिंगचा स्टोव्ह."

तो दोन्ही घेऊन धावत आला. तळ्याकाठच्या बाकावर स्टोव्ह पेटला, कुकरमध्ये नुसतं पाणी. कुत्री फिरवायला आलेले शेजारी थबकले. आमचं काय चाललंय ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी त्यांना सूप होतंय असं सांगितलं.

पहिली शिट्टी झाली. लाडूचा तुरा ताठ झाला.

दुसरी झाली आणि वरून उत्तर आलं. तस्संच, शेवटी जरा लांबवलेलं.

"गॅस बंद करू?" धम्मदीपने हळूच विचारलं.

"थांब. अजून एक होऊ दे."

तिसऱ्या शिट्टीला लाडूने फांदी सोडली, तळ्यावरून एक मोठा वळसा घेतला आणि उपासनाच्या डोक्यावर येऊन बसला. ती हलली नाही. तो तिच्या केसांत चोच घालून काहीतरी पुटपुटत होता. मला तो माळावरचा थवा आठवला. लाडूच्या हिशेबी थवा म्हणजे हे दोघं आणि तो कुकर, एवढाच होता, आणि त्यातल्या एकाला आम्ही गराजमध्ये टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवायला गेले तर जुना कुकर गॅसवर होता आणि लाडू फ्रिजवर बसून शिट्ट्या मारत होता. धम्मदीप माझ्या ताटाकडे चोरून बघत होता. डाळ दाताखाली कचकच लागत होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.