मनाई हुकूम आणि मूठभर माती

भोकरदनच्या कोर्टात मी वकिली करते. दावे पुष्कळ लिहिले, पण एका दाव्याची अजून लाज वाटते. तो माझ्या बाबांनी मोठेबाबांवर, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावावर केला होता, आणि लिहिला होता मी.

कारण एवढंच, की मोठेबाबांच्या नांगरानं दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, वीतभर कोरला. बाबा पेटले, मीही पेटले. प्रतिवादीनं वादीच्या शेतात स्वतः वा कुणामार्फत हरकत-अडथळा करू नये, अशी मागणी केली. तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळाला तेव्हा मी पेढे वाटले, मूर्खासारखे.

कायद्यात हरकत म्हणजे दुसऱ्याच्या कब्जाला बाधा आणणं. सल्ला देणं त्यात येत नाही, पण हे मोठेबाबांना कोण सांगणार? त्यांची लुडबुड सगळी जिभेची. पेरणीआधी आमच्या शेतात यायचे, माती मुठीत दाबायचे आणि म्हणायचे, "अजून वाफसा न्हाई, माती लई वली हाये, जल्दी करू नको." बाबा चरफडायचे, "ह्याला दुसऱ्याच्या ताटात बघायची सवयच." पण मोठेबाबांनी हो म्हटल्याशिवाय पेरायच्या पाभरीच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरायचे नाहीत.

त्या साली हरभरा पेरायचा होता. बाबा रोज मूठभर माती घेऊन धुऱ्यापाशी उभे राहायचे. पलीकडं मोठेबाबा, मिठाची गुळणी धरून. चौथ्या दिवशी मीच विचारायला गेले.

"कोर्टाचा हुकूम हाये, बाई. बोललो तर हरकत व्हईल," ते म्हणाले. चेहरा इतका उतरला होता, की कायदा समजावायचं माझ्या जिवावर आलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी भाकर अर्धी टाकली.

"हुकूम त्याला हाये ना? मला तर न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले. वकील म्हणून एवढा छोटा सल्ला मी कधी दिला नाही.

बाबा तडक शेतात गेले, मी मागोमाग. आमच्या रानातली माती उचलून त्यांनी धुरा ओलांडला आणि भावापुढं मूठ धरली. "दादा, मी आलोय तुझ्या शेतात. आता सांग."

मोठेबाबांनी माती घेतली, दाबली. बराच वेळ त्यांनी मूठ उघडलीच नाही.

"दोन दिस थांब," ते म्हणाले. "आन् तुझ्या पाभरीचा फण वाकडा झालाय. चार दिवसापासून बघून राह्यलो मी."