टोपीच्या आतलं नाव

"हा पोरगा अगदी अमक्यासारखा खेळतो!" असं कुणी म्हणालं, की आमचे कांतोकु त्या पोराची टोपी काढून उलटी धरायचे. "आत कुणाचं नाव आहे?" पोरगं स्वतःचं नाव वाचायचं. "मग झालं तर," म्हणत टोपी परत त्याच्या डोक्यावर.

कांतोकु म्हणजे जपानीत बेसबॉलचे कोच. हिगाशी-कसाईत, नदीकाठच्या मैदानावर, ते दर रविवारी आमच्या मुलांना शिकवायचे. तिथं आयांनी पाळीपाळीनं कोचना चहा द्यायचा असतो. माझ्या पहिल्या पाळीला मी आलं-वेलदोडे घालून चांगला उकळलेला चहा नेला. एक घोट घेऊन म्हणाले, "इरा-मामा," (इथं मामा म्हणजे आई) "हा चहा नाही, हे जेवण आहे!" आणि कप पुढे केला, अजून घाला म्हणून.

आमची इरा चेंडूही टाकायची आणि बॅटही फिरवायची. झालं! बेसबॉलमध्ये दोन्ही करणारे विरळाच, आणि तसा एक मोठा खेळाडू इथं घराघरात देव; लोक पोरीला त्याच्याच नावानं हाक मारू लागले. आमचे हे क्रिकेटवर पोसलेले, त्यांनी तर पुण्यापर्यंत डंका पिटला. इराच्या मात्र रविवारी सकाळी पोटात दुखायला लागलं.

"आई, मला सोडायचंय," एकदा रडत म्हणाली. "माझं चुकलं की सगळे म्हणतात, तो असा चुकला नसता."

त्याच रविवारी मॅच होती. पोरगी चेंडू धरून नुसती उभी, हात उचलेना. कांतोकु सावकाश चालत गेले. टोपी काढली, उलटी केली.

"कुणाचं नाव?"

"इरा."

"मग इराचा चेंडू टाक. त्याचा तो टाकेल."

तिनं टाकला. समोरच्यानं तो असा टोलावला की थेट नदीकडे! कांतोकुंनी मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या. "छान! इराचाच होता!" इरा खुदकन हसली. तिचं खेळणं त्या हसण्यानं वाचलं.

गुडघे थकले तसे ते लेकाकडे नागोयाला गेले. त्यांचे उपकार कुठल्या जन्मी फिटणार, कोण जाणे.

आता त्याच मैदानावर इरा लहानग्यांना शिकवते. परवा एका चिमुरडीनं झकास चेंडू टाकला आणि मी चहाचा थर्मास हातात घेऊनच ओरडले, "अरे वा, दुसरी इरा!"

इरानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती चिमुरडीसमोर गुडघ्यावर बसली आणि हलकेच तिची टोपी काढली.